जुनी गाडी स्टार्ट होत नाहीये : सारखे विचारले जाणारे प्रश्न

"गाडी स्टार्ट होत नाही, काय झालं असेल?" एवढ्या एका ओळीचे मेसेज सगळ्यात जास्त येतात, आणि त्यावर उलट प्रश्न एकच असतो, की चावी फिरवल्यावर नक्की होतं काय? ते नीट सांगितलंत तर अर्धं काम झालंच. इथे जुनी गाडी म्हणजे पॉइंट (स्पार्कची वेळ साधणारा यांत्रिक स्विच) आणि कार्ब्युरेटरवाल्यांपासून सुरुवातीच्या इंजेक्शनवाल्यांपर्यंत (ज्यात कॉम्प्युटर पेट्रोल फवारायला लावतो), पेट्रोल, डिझेल आणि जुन्या बाइक-स्कूटरसुद्धा.

१. गाडी स्टार्ट होत नाहीये, सुरुवात कुठून करू?

बॉनेट उघडायच्या आधी कान उघडा. चावी फिरवल्यावर तीनपैकी एक काहीतरी होतं. एक, इंजिन फिरतच नाही, शांतता किंवा नुसती टिकटिक. दोन, फिरतं पण रडत रडत. तीन, झकास फिरतं पण पकडत नाही. पहिल्या दोन प्रकारांत बॅटरी, केबल, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) आणि त्याचं वायरिंग बघायचं (प्रश्न २ ते ७), तिसऱ्यात स्पार्क, इंधन आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब (प्रश्न ८ पासून पुढे). लोक नेमकं इथेच घोटाळा करतात, इंजिन टणाटण फिरत असतं तरी नवीन बॅटरी आणून बसवतात, आणि मग "नवीन बॅटरी टाकली तरी होत नाही" असा मेसेज येतो. अहो, बॅटरीचा प्रश्नच नव्हता.

आणि हो, दोन गोष्टी आधी बघून घ्या. टाकीत पेट्रोल खरंच आहे का, जुन्या गाडीत काटा काय वाट्टेल ते दाखवतो. आणि गाडीला शेवटचा हात कोणी आणि कुठे लावला होता? धुतली, सर्व्हिसिंग केलं, टेप बसवला, महिनोन्‌महिने उभी होती, जे काही असेल ते. फॉल्ट बहुतेक वेळा तिथेच असतो.

२. हेडलाइट लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठीकच आहे ना?

नाही. ५५ वॉटचे दोन बल्ब मिळून ९-१० अँपिअर घेतात, सेल्फ घेतो १०० ते २०० आणि मोठं डिझेल इंजिन असेल तर त्याहून जास्त. बॅटरी निम्मी मेली तरी दिवे व्यवस्थित लागतात.

पण हेच दिवे वापरून एक फुकटची टेस्ट होते. हेडलाइट लावा, सेल्फ मारा आणि कोणाला तरी समोर उभं करून दिवे बघायला सांगा (गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला). दिवे पार विझल्यासारखे झाले तर बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनल ढिलं आहे. दिवे जसेच्या तसे आणि सेल्फ गप्प, तर करंट सेल्फपर्यंत जातच नाहीये, प्रश्न ७ बघा. आणि एक जड 'धप्' होऊन दिवे चांगलेच मंद झाले तर करंट जातोय पण सेल्फ किंवा इंजिन जाम आहे.

३. मल्टिमीटर आहे माझ्याकडे, बॅटरी किती व्होल्ट दाखवायला हवी?

गाडी काही तास उभी राहिलेली हवी, आत्ताच चार्ज केली असेल तर मिनिटभर हेडलाइट लावून बंद करा आणि मग मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज खोटा आकडा दाखवतो. १२.६ किंवा वर म्हणजे फुल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेलीच समजा. १०.५ च्या आसपास अडकून बसली आणि चार्जिंग करूनही वर येत नाही तर एक सेल गेलाय, कारण सहा सेल असतात आणि प्रत्येकाचे २.१ व्होल्ट.

पण उभ्या बॅटरीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो हे लक्षात ठेवा. खरं मोजायचं ते सेल्फ मारत असताना, तेव्हा ९.६ च्या खाली जायला नको. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारल्यावर ७ वर कोसळत असेल तर बहुतेक बॅटरीच संपली (सेल्फ जाम असला तरी असं होतं, म्हणून दुसरी चांगली बॅटरी लावून खात्री करा). मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नको, का ते पुढच्या उत्तरात.

गाडी चालू झाल्यावर पण एकदा मोजा, १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. १३ च्या खाली असेल तर चार्जिंग होत नाहीये, बेल्ट, अल्टरनेटर, रेग्युलेटर बघा, नाहीतर नवी बॅटरी पण आठवड्यात झोपेल.

४. नवीन बॅटरी टाकली, तरी तेच. 'टक्' होतं आणि थांबतं. आता सेल्फ बदलू का?

थांबा. जुन्या गाडीत बॅटरी आणि सेल्फ यांच्यामधल्या रस्त्यावरच सगळ्यात जास्त भानगडी असतात आणि तो रस्ता कोणी तपासत नाही, कारण केबल बाहेरून चांगली दिसते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर, क्लॅम्पच्या आत काळा थर, केबल आतून सडलेली, आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे इंजिनकडून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी.

मोजायचं असं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर आणि दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी मीटरवर दिसतील तेवढे व्होल्ट त्या केबलने आणि जोडांनी खाल्ले. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतंय, त्याच्या वर असेल तर जोड उघडून घासा. आता तसंच बॅटरीचा मायनस खांब ते इंजिनचा उघडा धातू, इथे ०.२-०.३ च्या वर जायला नको. कुठल्या जोडात खातंय ते शोधायला मीटरचं टोक एकेक जोड पुढे सरकवत न्यायचं, एवढंच.

मीटर नसेल तर जंपर केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकला. गाडी लगेच फिरली? मग अर्थिंगच. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवून परत चढवलं की ही पट्टी लावायची राहून जाते, हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप वेळा होतं, आणि मग सेल्फचा सगळा करंट मिळेल तिथून वाट काढतो. अ‍ॅक्सिलरेटरची नाहीतर चोकची केबल सेल्फ मारताना गरम लागली, तिचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं, तर दुसरं काही शोधू नका.

५. कधी टकटकटकटक असा सलग आवाज येतो, कधी एकच 'टक्'. फरक आहे का?

आहे. सलग टकटक म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेवर चालणारा स्विच) ओढला जातो, सेल्फला करंट मिळताच व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, आणि हेच चालू राहतं. याचा अर्थ बॅटरी उतरलेली किंवा जोड खराब (प्रश्न ३ आणि ४). एकच ठसठशीत 'टक्' आणि बॅटरी-केबल तपासून झालेल्या, तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळलेत किंवा सेल्फचे कार्बन ब्रश संपलेत. सेल्फच्या बॉडीवर पान्याने हलके ठोके मारताना कोणी चावी फिरवली आणि गाडी झाली, तर ब्रशच. अशी ती अजून काही दिवस चालेल पण भरवसा ठेवू नका, सेल्फ काढून ब्रश बदलून घ्या. सगळा सेल्फ नवीन घ्यायची गरज बहुतेक वेळा नसते.

६. सेल्फ घर्रर्र करून जोरात फिरतो पण इंजिन जागचं हलत नाही.

सेल्फचा बेंडिक्स (पुढे सरकून इंजिनला अडकणारा छोटा गिअर) घसरतोय, किंवा फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) रिंगचे दात त्या जागी खाल्ले गेलेत. इंजिन बंद होताना दरवेळी ठरावीक दोन-चार जागीच थांबतं त्यामुळे दात तिथेच झिजतात. गिअरवाली गाडी असेल तर चावी काढून टॉप गिअर टाका, हँडब्रेक सोडा, गाडी हाताने थोडी पुढेमागे करा, परत न्यूट्रल करून हँडब्रेक लावा आणि सेल्फ मारा. आता पकडलं तर दातांचा प्रश्न, कुठेच पकडत नसेल तर बेंडिक्स. इंजिन फिरतंय पण नेहमीपेक्षा सुळसुळ हलकं फिरतंय असं वाटत असेल तर ते वेगळं आणि जास्त गंभीर आहे, थेट प्रश्न १५ वर जा.

७. काहीच आवाज नाही. टिक पण नाही. दिवे मात्र लख्ख.

सेल्फला दोन रस्त्यांनी करंट येतो, जाड केबल आणि चावीकडून येणारी बारीक वायर. इथे बहुतेक बारीक वायरवर काहीतरी तुटलंय. टेस्ट लॅम्प (वायर लावलेला १२ व्होल्टचा बल्ब, त्याचं एक टोक इंजिनच्या धातूला) त्या बारीक वायरच्या टर्मिनलला लावा (बऱ्याच गाड्यांत त्यावर ५० लिहिलेलं असतं) आणि चावी फिरवायला सांगा. दिवा लागला तर फॉल्ट सेल्फमध्ये, नाही लागला तर मागे मागे जायचं: फ्यूज, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), चावीचं स्विच, ऑटोमॅटिक गाडीत गिअरचं सेफ्टी स्विच, काही गाड्यांत क्लचच्या पेडलखालचं स्विच. ऑटोमॅटिकमध्ये पी ऐवजी एन ला टाकून बघा, किंवा लिव्हर पुढेमागे हलवत चावी फिरवा. झाली तर ते स्विच झिजलंय किंवा सरकलंय.

स्क्रूड्रायव्हर टाकून सेल्फ डायरेक्ट शॉर्ट करायचा सल्ला सगळे देतात. ते करताना गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती तुमच्या अंगावर येते, आणि त्यात माणसं मेली आहेत. टेस्ट लॅम्पने तेच कळतं.

८. इंजिन मस्त फिरतंय पण पकडत नाही. आधी स्पार्क बघू की पेट्रोल?

एक प्लग काढा, दोन्ही एकदम कळतात. सेल्फ मारून मारून प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल येत नाहीये (प्रश्न ११ आणि १२). ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये, म्हणजे स्पार्क नाही किंवा फ्लड झालीय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय (प्रश्न १३).

स्पार्क बघायला स्पार्क टेस्टर असेल तर उत्तम. नसेल तर एक जास्तीचा प्लग वायरला लावून त्याची धातूची बॉडी इंजिनला घट्ट टेकवा, जंपर केबलच्या चिमट्याने धरली तरी चालेल, पण हातात धरू नका, आणि प्लगच्या उघड्या भोकापासून लांब ठेवा कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. निळा, कडकडणारा स्पार्क हवा. पिवळट, मरतुकडा स्पार्क उघड्यावर दिसतो पण सिलिंडरच्या आत दाबाखाली उडतच नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर प्लगची वायर नुसती हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) किंवा मॉड्यूल (तिला चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) उडायची शक्यता असते.

९. पॉइंटवाली गाडी आहे, स्पार्क अजिबात नाही. कॉइल गेली का?

कॉइलवर सगळ्यात आधी संशय घेतात आणि बहुतेक वेळा ती निर्दोष असते. टेस्ट लॅम्प कॉइलच्या मायनसला लावून सेल्फ मारा. दिवा लुकलुकला तर पॉइंट काम करतायत, मग कॉइल, मधली जाड वायर, डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागाची) कॅप आणि त्यातला फिरणारा रोटर बघा. सलग पेटून राहिला तर पॉइंट बंदच होत नाहीयेत किंवा त्यांच्या तोंडावर गंज चढलाय, गाडी खूप दिवस उभी राहिली की हे हमखास होतं, बारीक पॉलिश पेपरने साफ करा. अजिबातच पेटला नाही तर पॉइंट उघडत नाहीयेत, कुठे शॉर्ट झालंय, किंवा कॉइलला करंटच पोचत नाही, मग दिवा कॉइलच्या प्लसला लावून बघा.

पॉइंटचा गॅप साधारण ०.४ मिलिमीटर असतो पण आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा घ्या. पॉइंट सारखे जळत असतील, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा होत असेल, तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) बदला. कॅपच्या आतल्या बाजूला पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर कॅपला तडा आहे. कॅपच्या मधोमध तो छोटा कार्बन आहे का तेही बघा, तो पडून गेलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि चावी ऑन ठेवून गप्पा मारत बसू नका, पॉइंट बंद अवस्थेत थांबले असतील तर कॉइल तापून खरोखरच जाते.

१०. सेल्फ मारताना पकडते, चावी सोडली की लगेच बंद.

पॉइंटवाल्या किंवा सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत हे झालं तर बॅलास्ट रेझिस्टर. सेल्फ मारताना कॉइलला पूर्ण बॅटरीचा करंट वेगळ्या वायरने जातो, चावी सोडली की तो रेझिस्टरमधून यायला लागतो, आणि रेझिस्टर तुटलेला असेल तर तिथेच संपतं. चावीच्या स्विचचा ऑनचा कॉन्टॅक्ट गेला तरी असंच वागते. इंजेक्शनवाली गाडी चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), दुसरी चावी लावून बघा.

११. इंजेक्शनवाली जुनी गाडी आहे, चावी ऑन केल्यावर मागून पंपाचा आवाज येत नाही.

बऱ्याच गाड्यांत चावी ऑन केली की पंप दोनेक सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. आवाज नसेल तर क्रमाने: फ्यूज, मग रिले (शेजारचा तशाच नंबरचा रिले अदलाबदल करून बघा, फुकटची टेस्ट), मग काही गाड्यांत असतं ते धक्का बसल्यावर पंप बंद करणारं स्विच, त्याचं बटण खड्ड्यात आपटल्यावर पण उडतं. हे सगळं ठीक असेल तर टाकीच्या बुडावर रबरी हातोड्याने दोन-तीन ठोके मारून चावी ऑन करा. पंप चालू झाला तर त्याचे ब्रश संपलेत, आज घरी पोचाल पण पंपाचं बघा.

पंप वाजतोय, तरी पकडत नाही? सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. जरा पण हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा) संशय, कारण त्याचा सिग्नल नसेल तर कॉम्प्युटर स्पार्क पण देत नाही आणि पेट्रोल पण नाही. दोन्ही एकदम गायब असेल तर दोन पार्ट एकदम गेले असं समजायच्या आधी दोघांना जे सामाईक आहे ते बघायचं, म्हणजे हा सेन्सर, मेन रिले, कॉम्प्युटरचं अर्थिंग. इंजेक्शनच्या पाइपात अडीच-तीन बारचं प्रेशर असतं, तेव्हा पाइप उगाच सैल करू नका.

१२. गाडी बरेच महिने उभी होती, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल येतंय का कसं कळणार?

एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने एकदम ओढा. ज्यात अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो त्यात पेट्रोलची चिळकांडी दिसायला हवी. दिसली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीत) पेट्रोल आहे. नाही दिसली तर पाइप काढून तोंड बाटलीत धरा आणि सेल्फ मारा (स्पार्क बंद करून). बाटलीत पण येत नसेल तर मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटलाय, फिल्टर चोक झालाय, किंवा कडक झालेल्या रबरी नळीतून पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतोय. बाटलीत येतंय पण कार्ब्युरेटर कोरडा, तर फ्लोटची सुई (या टाकीत पेट्रोल सोडणारी-रोखणारी) चिकटलीय, वरच्या झाकणावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करून बघा.

जुन्या पेट्रोलचा वास ओळखू येतो, वॉर्निशसारखा आंबट. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा खेचतं, जास्त पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी खाली बसतात आणि गाडी पहिला घोट तोच घेते. असं पेट्रोल काढूनच टाका, वर नवीन ओतून निभत नाही.

१३. पेट्रोलचा वास येतोय, फ्लड झाली वाटतं. किती वेळ थांबू?

दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग कार्ब्युरेटरवाली असेल तर चोक ओढलेला नको, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण तळाला दाबून धरा (पंप करू नका, दर वेळी अजून पेट्रोल आत जातं) आणि सेल्फ मारा, पकडली की पाय उचला. बऱ्याच इंजेक्शनवाल्या गाड्यांत पण पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद ठेवतो, त्यामुळे हीच युक्ती. सारखी फ्लड होत असेल तर चोक अडकलाय किंवा फ्लोटची सुई गळतेय. सेल्फ कधीच दहा-पंधरा सेकंदांच्या वर सलग मारू नका, मधे मिनिटभर त्याला गार होऊ द्या.

१४. डिझेल आहे. सेल्फ दणक्यात फिरतो पण उचलत नाही.

डिझेलला स्पार्क नसतो, दाबाने हवा तापते आणि त्यात डिझेल पेटतं. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा, तिथेच उत्तर आहे. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाहीये: हीटर प्लग (गार इंजिन आतून तापवणारे), हळू फिरणारं इंजिन, नाहीतर कॉम्प्रेशन. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाहीये.

हीटर प्लग तपासायला त्यांच्यावरची पट्टी काढा, बल्बवाल्या टेस्ट लॅम्पची वायर बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक एकेका प्लगच्या डोक्यावर. दिवा लागला तर प्लग जिवंत. एक मेलेला असेल तर गाडी खडखडत का होईना चालू होते, दोन-तीन मेले आणि गारठा असेल तर विसरा. सगळे जिवंत असतील तर चावी ऑन केल्यावर पट्टीला १२ व्होल्ट येतात का बघा, रिले गेलेला असतो.

डिझेल पोचत नसेल तर आधी स्टॉप सोलेनॉइड (चावी बंद केली की डिझेल तोडणारा): चावी ऑन-ऑफ करताना पंपावर 'टिक' यायला हवं. केबल ओढून बंद करायची गाडी असेल तर ती केबल पूर्ण आत गेलीय का बघा. मग एअर. फिल्टर बदलला, टाकी कोरडी पडली, एखादी नळी चिरली, की लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हँड पंप मारत राहा, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की स्क्रू बंद. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात पुढे नॉझलच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारतात आणि डिझेल आलं की आवळतात. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनच्या) इंजिनात हे कधीच करायचं नाही, तिथे शेकडो बार ते हजारच्या वर प्रेशर असतं, कातडीतून आत घुसतं. सकाळीच त्रास आणि दिवसभर ठीक, असं असेल तर रात्रीत डिझेल टाकीकडे परत उतरतंय, म्हणजे कुठूनतरी हवा घेतेय. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा घालून बघा, बुडबुडे दिसतील.

हीटर प्लगवाल्या डिझेलमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधीच भडकतो आणि पिस्टन, रॉड मोडतो.

१५. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सुळसुळ फिरतंय आणि पकडत नाही.

सेल्फ मारणं आत्ताच्या आत्ता थांबवा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) तुटल्याचा हा आवाज असू शकतो. ऑइल भरायचं झाकण उघडून इंजिन पान्याने हाताने हळूच थोडं फिरवा, आतला कॅम किंवा रॉकर हलतायत का बघा (कॅमवर चालणारा डिस्ट्रिब्युटर असेल तर कॅप काढून रोटर बघा). काहीच हलत नसेल तर बेल्ट गेला. काही इंजिनांत नुकसान होत नाही, पण बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि प्रत्येक सेल्फ बिल वाढवतो.

बेल्ट ठीक असेल तर कॉम्प्रेशन मोजा, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती ते महत्त्वाचं, १०-१५ टक्क्यांच्या वर नको. कमी असलेल्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

१६. सकाळी एका झटक्यात होते, पण गरम झाल्यावर बंद केली की अर्धा तास होत नाही.

पुढच्या वेळी झालं की तिथेच प्रश्न ८ ची स्पार्क टेस्ट करा, थंड झाल्यावर करून उपयोग नाही, तेव्हा सगळं ठीकच दिसणार. स्पार्क नसेल तर तापल्यावर आतून तुटणारी कॉइल, मॉड्यूल किंवा क्रँक सेन्सर, त्यावर गार पाण्याचं ओलं फडकं ठेवा (कनेक्टर भिजवू नका), लगेच झाली तर गुन्हेगार सापडला. स्पार्क असेल तर कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल लाइनमध्ये उकळून वाफ धरतं, किंवा फ्लोट चेंबरमधलं उकळून आत सांडतं आणि फ्लड होते. गरम असताना सेल्फच जड फिरत असेल तर तो सायलेन्सरच्या पाइपाशेजारी भाजतोय, आणि आधी प्रश्न ४ मधले व्होल्ट मोजा.

उलटं, म्हणजे थंड असताना होत नाही आणि एकदा झाली की दिवसभर ठीक, तर चोक, इंजेक्शनमध्ये पाण्याच्या तापमानाचा सेन्सर (तो कॉम्प्युटरला इंजिन गरम आहे असं सांगत राहतो).

१७. पाऊस पडला किंवा गाडी धुतली की रुसते.

प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप. पुसून कोरडं करा. खात्री करायची तर अंधारात इंजिन चालू असताना वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा, जिथून करंट गळतो तिथे निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. हात लांब ठेवा.

१८. प्लग आणि वायरी बदलल्या, आता स्टार्टच होईना, उलटा बार काढते.

वायरींची अदलाबदल झालीय. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांचा क्रम १-३-४-२ असतो, पण काहींचा १-२-४-३ पण असतो, आणि रोटर कुठल्या दिशेने फिरतो त्याप्रमाणे कॅपवर लावायच्या. डिस्ट्रिब्युटर काढून बसवला असेल तर तो अर्धा फेरा उलटा बसलेला असू शकतो, क्रँकची खूण बरोबर जुळते पण सिलिंडर चुकीच्या स्ट्रोकवर असतो.

१९. रात्री ठीक, सकाळी बॅटरी झोपलेली. बॅटरी तर नवीन आहे.

काहीतरी रात्रभर करंट खातंय. सगळं बंद करून, दारं लावून (बॉनेटचा दिवा विसरू नका) बॅटरीची मायनस केबल काढा आणि मीटर अँपिअरवर ठेवून मधे जोडा. जुन्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत हवं, साध्या गाडीत तर जवळपास शून्य. अर्धा अँपिअर जात असेल तर ४० अँपिअर-तासांची बॅटरी ८० तासांत कोरडी, आणि सेल्फ त्याच्या खूप आधी थांबतो. एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल ते सर्किट. फ्यूज काढून फरक पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर काढून बघा, त्याचा डायोड गळतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जाईल.

२०. जंपर लावताना आणि धक्का मारताना काय सांभाळायचं?

उतरलेल्या बॅटरीचा प्लस, मग चांगलीचा प्लस, मग चांगलीचा मायनस, आणि शेवटचा चिमटा उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. फार जुन्या गाडीत आधी बॅटरी ६ व्होल्टची आहे का आणि अर्थिंग प्लसला आहे का ते बघा, १९६० च्या दशकापर्यंत अशा गाड्या निघायच्या.

धक्का दुसऱ्या गिअरवर. ऑटोमॅटिकला चालत नाही. इंजेक्शनवाल्या गाडीची बॅटरी पार मेली असेल तर कॉम्प्युटर आणि पंपच उठत नाहीत, मग कितीही ढकला.

२१. जुनी बाइक किंवा स्कूटर, किक मारून मारून पाय गेला.

किल स्विच, साइड स्टँडचं स्विच, पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला, हे तीन बघितलेत का? नसेल तर बघा, मी थांबतो. टू-स्ट्रोकमध्ये प्लग ऑइलने काळा होऊन दोन टोकांच्या मधे कार्बनचा पूल तयार होतो, साफ करण्यापेक्षा नवीन टाका. थोडं चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण उघडा, 'स्स्' आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. किक उलटी बसत असेल तर टायमिंग पुढे गेलंय, पाय मोडायच्या आधी ते बघा.

२२. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली होती. पाणी ओसरलं, स्टार्ट करून बघू का?

नको. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची केबल काढा, ऑइलची काडी बघा, दुधाळ दिसलं तर ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्लग (डिझेल असेल तर हीटर प्लग किंवा नॉझल) काढून इंजिन हाताने फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या.

२३. स्पार्क आहे, पेट्रोल आहे, कॉम्प्रेशन आहे. तरी होत नाही. आता?

मग यातलं काहीतरी चुकीच्या वेळी होतंय किंवा चुकीचं आहे. टायमिंग बेल्ट तुटला नाही पण एक-दोन दात सरकला असेल, कॉम्प्रेशन थोडंच कमी दाखवतं. पेट्रोल म्हणून जे येतंय ते पाणी किंवा डिझेल तर नाही ना? काचेच्या बाटलीत काढून ठेवून बघा. स्पार्क दिसतो पण दाबाखाली विझतो, नवे प्लग टाकून बघा, फ्लड झालेले प्लग कितीही पुसले तरी कधीकधी परत उठत नाहीत. छोट्या इंजिनात फ्लायव्हीलची चावी (त्याला शाफ्टवर पक्कं धरणारा छोटा धातूचा तुकडा) कापली गेली असेल, मग टायमिंगच फिरतं. आणि सगळ्यात शेवटी बघितलं जाणारं म्हणजे सायलेन्सर: आत फुटून अडकलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा), किंवा उभ्या गाडीच्या पाइपात उंदराने केलेलं घरटं. धूर बाहेर पडायला वाट नसेल तर आत नवी हवा येणार कुठून. इंजिनजवळचा सायलेन्सरचा जोड सैल करून सेल्फ मारा, मोठ्ठा आवाज करत पकडली तर फॉल्ट त्या जोडाच्या मागे आहे.